दिवा बाहेर, कावीळ आत : प्रकाशाने वळणाऱ्या रेणूंची गोष्ट

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





अशा समारंभात विज्ञानावर बोलायला उभा राहिलेला वक्ता बहुधा श्रोत्यांना चंद्रावर नाही तर अणुभट्टीत नेतो. मी तुम्हाला इतक्या दूर नेणार नाही. प्रसूतिगृहातल्या एका छोट्याशा खाटेपर्यंत न्यायचे आहे. त्या खाटेवर तीन दिवसांचे एक बाळ झोपलेले आहे, त्याच्या डोळ्यांवर पट्टी आहे आणि वरून निळ्या दिव्याचा उजेड पडतो आहे. तुमच्यापैकी अनेक माता-पित्यांनी हे दृश्य पाहिले असेल.

ते बाळ माझ्या धाकट्या बहिणीचे. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. तिसऱ्या दिवशी बाळाचा चेहरा पिवळा दिसू लागला, मग छाती, मग पोट. डॉक्टरांनी रक्त तपासले आणि निळ्या दिव्याखाली ठेवायला सांगितले. घरात लगेच दोन पक्ष झाले. सातव्या दिवशी अकीका ठरलेला, पाहुण्यांना निरोप गेलेले. एक पक्ष म्हणे, "कावीळ कुणाला होत नाही? घरी नेऊ, सकाळच्या उन्हात धरू, उतरेल." दुसरा पक्ष म्हणे, "डॉक्टर सांगतात तर राहू द्या." सगळे माझ्याकडे पाहू लागले, कारण मी रसायनशास्त्राचा मास्तर.

तेवढ्यात माझ्या अम्मीने प्रश्न विचारला. अम्मी चौथीपर्यंत शिकलेली. ती म्हणाली, "दिवा बाहेर आहे, कावीळ आत आहे. मग हा दिवा आत जाऊन करतो तरी काय?"

मी म्हणालो, "अम्मी, रक्तातले बिलिरुबिन कमी करतो."

ती म्हणाली, "ते तर डॉक्टरांनीही सांगितलं. कमी कसं करतो, ते सांग."

मित्रहो, मला सांगता आले नाही. इतकी वर्षे फळ्यावर समीकरणे लिहिणारा मी, त्या दिवशी गप्प बसलो. नंतर पुस्तके काढून वाचले, समजून घेतले. आजचे हे व्याख्यान म्हणजे अम्मीच्या त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर होय.

आधी कावीळ म्हणजे काय ते पाहू. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, नवजात बाळाच्या त्याहून कमी दिवस. म्हाताऱ्या पेशी शरीर मोडून काढते. त्यांतील तांबड्या रंगद्रव्यापासून प्रथम हिरवा आणि मग पिवळा पदार्थ बनतो. मार लागून काळीनिळी पडलेली जागा दोन-चार दिवसांनी हिरवट आणि मग पिवळट होते, ती याच क्रमाने. त्या पिवळ्या पदार्थाचे नाव बिलिरुबिन.

हे बिलिरुबिन पाण्यात विरघळत नाही, आणि जे पाण्यात विरघळत नाही ते शरीराला सहजासहजी बाहेर टाकता येत नाही. म्हणून रक्तातले अल्ब्युमिन नावाचे प्रथिन त्याला जणू पाठीवर बसवून यकृताकडे नेते. यकृत त्याला साखरेसारखा एक पदार्थ जोडते. मग ते पाण्यात विरघळते आणि पित्तावाटे बाहेर पडते. नवजात बाळाच्या यकृताला ही जोडणी अजून नीट साधलेली नसते. म्हणून पूर्ण दिवसांच्या दर दहा बाळांपैकी सुमारे सहा बाळांना पहिल्या आठवड्यात थोडीफार कावीळ दिसते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हे प्रमाण आणखी मोठे असते. बहुतेकांची ती आपोआप उतरते. परंतु काहींचे बिलिरुबिन इतके वाढते की अल्ब्युमिनच्या पाठीवर जागा उरत नाही. मोकळे राहिलेले बिलिरुबिन मग मेंदूत शिरून बसते. आमच्या मोहल्ल्यात एक मुलगा आहे. अंगात भारी कावीळ असताना त्याला घरी आणले गेले होते. आज त्याला ऐकू येत नाही. आमच्या घरातला वाद किती गंभीर होता, हे मला तेव्हा पुरते कळले नव्हते.

आता दिव्याकडे वळू. या दिव्याचा उगम एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेत नाही. तो एका परिचारिकेच्या निरीक्षणात आहे. इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात रॉचफर्ड येथील रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा एक विभाग होता. तेथील प्रमुख परिचारिका सिस्टर वॉर्ड यांची श्रद्धा अशी की, कोंदट खोलीपेक्षा मोकळी हवा आणि ऊन बाळांना मानवते. त्या बाळांना गाडीत घालून अंगणात नेत असत. १९५६ च्या उन्हाळ्यात डॉक्टर फेरीवर आले असताना त्यांनी एका बाळाचे कपडे उतरवून दाखवले. बाळाचा सारा देह फिकट झाला होता. एका ठिकाणी मात्र कातडीचा एक त्रिकोण गडद पिवळा राहिला होता. त्या जागेवर चादरीचा कोपरा पडलेला होता. जेथे ऊन पोचले तेथली कावीळ उतरली होती, जेथे पोचले नाही तेथे ती तशीच होती.

पुढे त्याच रुग्णालयात काविळीच्या बाळाच्या रक्ताची एक नळी खिडकीत उन्हात राहून गेली. तपासले तर तिच्यातले बिलिरुबिन अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी भरले. क्रेमर, पेरीमन आणि रिचर्ड्स या तिघांनी पद्धतशीर प्रयोग केले, दिव्यांची खाट तयार केली आणि १९५८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केला. तरीही जग लगेच जागे झाले नाही. अमेरिकेत जेरॉल्ड ल्यूसी यांनी १९६८ मध्ये केलेल्या चाचणीनंतर हा उपचार सर्वत्र पसरू लागला.

परंतु 'प्रकाशाने कावीळ उतरते' एवढे समजले म्हणजे अम्मीच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले असे नव्हे. कशी उतरते? त्यासाठी आपल्याला रेणूच्या घरात डोकवावे लागेल.

विद्यार्थी मित्रांनो, घरी गेल्यावर एक सोपा प्रयोग करा. पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या घ्या. टोकाशी एकावर एक ठेवून एकच टाचणी टोचा. पट्ट्या टाचणीभोवती मोकळ्या फिरतील. आता शेजारी दुसरी टाचणी टोचा. फिरणे बंद. दोन अणूंमधला एकेरी बंध हा एका टाचणीसारखा असतो, आणि दुहेरी बंध दोन टाचण्यांसारखा. दुहेरी बंधाच्या दोन बाजूंचे भाग ज्या स्थितीत आहेत त्याच स्थितीत अडकून राहतात. दोन्ही भाग एकाच अंगाला असतील तर रेणू वाकडा, विरुद्ध अंगांना असतील तर सरळ. अणू तेच, संख्या तीच, फक्त ठेवण निराळी.

आता प्रकाश काय करतो? प्रकाश कणाकणाने येतो. योग्य रंगाचा एक प्रकाशकण रेणूने गिळला, तर त्याची ऊर्जा दुसरी टाचणी क्षणभर सैल करते. तेवढ्या क्षणात रेणू गर्रकन फिरतो, आणि टाचणी पुन्हा घट्ट बसते. रेणू आता नव्या आकारात अडकलेला असतो. भिंतीवरचे बटण खाली दाबले की खाली राहते आणि वर केले की वर राहते, तसेच हे प्रकाशाने दाबले जाणारे बटण.

येथे एक गल्लत टाळली पाहिजे. हळदीचा डाग पडलेला कपडा उन्हात वाळत घातला की डाग फिका पडतो, हे प्रत्येक गृहिणी जाणते. तेथे ऊन हळदीचा रेणू मोडून टाकते. आपण ज्या रेणूंविषयी बोलत आहोत ते मोडत नाहीत, वळतात. मोडलेली किल्ली निरुपयोगी. वळलेली किल्ली मात्र एका कुलपाला लागत नाही आणि दुसऱ्याला लागते.

किल्ली-कुलपाची ही उपमा माझी नव्हे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी ती १८९४ साली वापरली. शरीरात रेणू एकमेकांना ओळखतात ते डोळ्यांनी नव्हे, आकाराने. एका रेणूचा उंचवटा दुसऱ्याच्या खोबणीत बसला, एकाचा धन भाग दुसऱ्याच्या ऋण भागासमोर आला, की दोघे एकमेकांना धरतात. आजच्या माझ्या सांगण्याचे सार एवढेच : प्रकाशाने रेणूचा आकार बदलला की तो कोणाला धरतो आणि कोणाला सोडतो हेही बदलते. पुढे जे सांगणार आहे ती सारी याचीच उदाहरणे आहेत.

पहिले उदाहरण बिलिरुबिनचे. या रेणूत चार कड्या एका ओळीत असतात आणि त्याला पाण्याची ओढ असलेले दोन हात असतात. मग तो पाण्यात विरघळत का नाही? १९७६ साली त्याच्या स्फटिकावर क्ष-किरण टाकून त्याची ठेवण पाहण्यात आली, आणि कोडे उलगडले. हा रेणू कौलारू घराच्या छपरासारखा मधोमध दुमडलेला असतो. त्याचे दोन्ही हात आत वळून स्वतःच्याच दुसऱ्या अर्ध्या भागाला सहा हायड्रोजन बंधांनी घट्ट धरून बसलेले असतात. थंडीत माणूस हात काखेत घालून बसतो ना, तसे. अशा माणसाचा हात तुम्ही हातात कसा घेणार? पाण्यालाही तेच होते. हात आहेत, पण धरायला मोकळे नाहीत.

यावर निळा प्रकाश पडतो. निळाच का? पिवळी वस्तू पिवळी दिसते, कारण पांढऱ्या उजेडातला निळा भाग ती गिळून टाकते. बिलिरुबिन पिवळे, म्हणून त्याला निळा प्रकाश पचतो. सुमारे ४६० नॅनोमीटर तरंगलांबीचा तो असतो. प्रकाशकण गिळताच एका टोकाकडचा दुहेरी बंध फिरतो. छप्पर त्या बाजूने उघडते, मिठी सुटते, एक हात मोकळा होतो आणि पाणी तो हात पकडते. आता यकृताने काही जोडण्याची वाट पाहावी लागत नाही. वळलेले बिलिरुबिन तसेच पित्तात उतरते. हे वळणे कायमचे नसते. पित्तातून आतड्यात गेल्यावर पुष्कळसे रेणू पुन्हा मूळ आकारात येतात. परंतु काही रेणूंत आणखी एक बदल होऊन ल्युमिरुबिन नावाचा पदार्थ बनतो. तो मागे वळत नाही आणि पित्त व लघवी या दोन्ही वाटांनी बाहेर पडतो. हे सारे उलगडण्यात मॅकडोना आणि लाइटनर या संशोधकांचा मोठा वाटा आहे. १९८० च्या सुमारास त्यांचे हे काम पुढे आले.

म्हणजे अम्मीच्या प्रश्नाचे उत्तर असे : दिवा आत जात नाही. निळा उजेड कातडीच्या वरच्या थरांपलीकडे फारसा पोचतच नाही. कावीळच रक्ताबरोबर फिरत फिरत कातडीपर्यंत येते, तेथे उजेड तिची मिठी सोडवतो, आणि ती मोकळी होऊन निघून जाते. म्हणूनच बाळाला जवळजवळ उघडे ठेवतात. जितकी कातडी उजेडात, तितके काम अधिक. सिस्टर वॉर्ड यांच्या त्या पिवळ्या त्रिकोणाचा अर्थ हाच होता.

दुसरे उदाहरण तुम्ही या क्षणी वापरत आहात. या ओळी वाचताना तुमच्या डोळ्यांतले असंख्य रेणू वळत आहेत. डोळ्याच्या मागील पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, मंद उजेडात पाहण्यासाठी सुमारे १२ कोटी दंडपेशी असतात. त्यांच्यात ऑप्सिन नावाचे प्रथिन असते, आणि त्याच्या पोटात रेटिनल नावाचा एक लहानसा रेणू वाकून बसलेला असतो. प्रकाशकण येऊन आदळला की तो सरळ होतो. या वळण्याला लागणारा वेळ एका सेकंदाच्या सुमारे पाच लाख कोटीव्या भागाइतका आहे. आत बसलेला सरळ झाला की भोवतीच्या प्रथिनाचाही आकार बदलतो. एवढा वेळ जे प्रथिन कुणाला धरत नव्हते, ते आता शेजारच्या ट्रान्सड्युसिन नावाच्या प्रथिनाला धरून जागे करते. एकाला जागे करून सोडते, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. एका प्रकाशकणाची वर्दी अशी अनेकपट होऊन मेंदूकडे जाते. दंडपेशीला एकच प्रकाशकणही पुरतो. दृष्टीच्या या रसायनाबद्दल जॉर्ज वाल्ड यांना १९६७ सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

आणि हे बटण पुन्हा वर कोण करते? सरळ झालेले रेटिनल ऑप्सिनला सोडून जाते. शेजारच्या थरातील विकरे त्याला पुन्हा वाकवून परत पाठवतात. त्याला वेळ लागतो. भर दुपारी उन्हातून चित्रपटगृहात शिरलात तर आधी काहीच दिसत नाही, मग हळूहळू खुर्च्या दिसू लागतात. पूर्ण सरावायला २०-३० मिनिटे लागतात. त्या वेळात तुमचे रेटिनल पुन्हा वाकून जागेवर बसत असते.

मातांनो, हे रेटिनल शरीर 'अ' जीवनसत्त्वापासून बनवते. 'अ' जीवनसत्त्व कमी पडले की वाकून बसायला रेणूच उरत नाही, आणि मूल संध्याकाळी ठेचकाळू लागते. हाच रातांधळेपणा. भारत सरकारने १९७० साली लहान मुलांना 'अ' जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा कार्यक्रम सुरू केला तो यासाठीच. शेवग्याचा पाला, गाजर, पिकलेली पपई, आंबा, अंडी, कलेजी यांतील काही ना काही आपल्या स्वयंपाकघरात असतेच. ते ताटात पडू द्या, एवढेच सांगणे.

निसर्गाची दोन बटणे झाली. तिसरे माणसाच्या हातचे. शाळेच्या प्रयोगशाळेत मिथिल ऑरेंजची बाटली तुम्ही पाहिली असेल. आम्ल-अल्कलीच्या प्रयोगात त्याचे थेंब टाकतात. हे अझो कुळातले रंगद्रव्य. या कुळाचा मूळ पुरुष अझोबेंझीन. कार्बनच्या दोन षट्कोनी कड्या आणि त्यांना जोडणारे नायट्रोजनचे दोन अणू, एकमेकांशी दुहेरी बंधाने बांधलेले. हा पदार्थ १८३४ पासून ठाऊक होता. परंतु तो उजेडात वळतो हे कळायला शंभरावर वर्षे गेली. १९३७ साली जी. एस. हार्टले या शास्त्रज्ञाला त्याची द्रावणे उजेडात राहिली की निराळी वागतात असे दिसून आले, आणि त्याने या पदार्थाचे वाकडे रूप वेगळे काढून दाखवले. सरळ रूपावर अतिनील किरण टाकले की रेणू वाकतो आणि त्याच्या दोन टोकांमधले अंतर सुमारे ०.९ नॅनोमीटरवरून ०.५५ नॅनोमीटरवर येते. निळा प्रकाश टाकला, किंवा नुसते अंधारात पुरेसा वेळ ठेवले, की तो पुन्हा सरळ होतो. पुन्हा वाकवा, पुन्हा सरळ करा.

उघडतो आणि मिटतो असा सांधा हाती आला, तर माणूस त्याचा पहिला उपयोग काय करील? चिमटा! पण चिमट्याला टोके हवीत, पकडणारी. ती एका निराळ्याच माणसाने शोधून ठेवली होती.

चार्ल्स पेडरसन हे त्यांचे नाव. जन्म १९०४, कोरियातील बुसान येथे. वडील नॉर्वेचे, आई जपानी. अमेरिकेत ड्युपाँट कंपनीत ते आयुष्यभर रसायनज्ञ होते. डॉक्टरेट त्यांनी कधी केली नाही. साठीकडे झुकलेले असताना एका प्रयोगात त्यांना हवा असलेला पदार्थ सोडून भलतेच काहीतरी थोडेसे मिळाले. पांढरे, रेशमी तंतूंसारखे स्फटिक, शंभरात अर्धा भागही नाही. दुसऱ्या कुणी ते धुऊन टाकले असते. पेडरसन यांनी ते तपासले. तो रेणू म्हणजे कार्बन आणि ऑक्सिजनचे एक कडे होते. कड्याच्या मधोमध मिठातल्यासारखा धातूचा आयन नेमका बसतो, जणू डोक्यावर मुकुट. म्हणून त्यांनी त्यांना 'क्राउन ईथर' म्हटले. लहान कड्यात सोडियम, त्याहून मोठ्या कड्यात पोटॅशियम. १९६७ साली त्यांनी हे जाहीर केले, आणि १९८७ साली डोनाल्ड क्रॅम व ज्यां-मारी लेन यांच्याबरोबर रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक स्वीकारले.

जपानमधील सेइजी शिंकाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास हे दोन्ही एकत्र आणले. अझोबेंझीनचा सांधा घेतला आणि त्याच्या दोन्ही टोकांना एकेक लहान क्राउन ईथर जोडले. सांधा सरळ असताना दोन्ही कडी एकमेकांपासून दूर असतात. पोटॅशियमचा आयन एकट्या लहान कड्यात मावत नाही, म्हणून त्याला नीट पकड मिळत नाही. अतिनील किरण टाकले की सांधा वाकतो, दोन्ही कडी समोरासमोर येतात आणि दोन भाकऱ्यांमध्ये कबाब धरावा तसा पोटॅशियम दोघांच्या मध्ये धरला जातो. सांधा पुन्हा सरळ झाला की आयन सुटतो. उजेडाने धरणारा आणि उजेडाने सोडणारा हा चिमटा. हालचाल फुलपाखराच्या पंखांसारखी, म्हणून त्यांनी तिला फुलपाखराचीच उपमा दिली. धरायचे कोणाला हे कड्याचा आकार ठरवतो, आणि केव्हा धरायचे हे प्रकाश.

याच विचाराची पुढची पायरी म्हणजे औषध. औषध म्हणजे तरी काय? शरीरातल्या किंवा जंतूंतल्या एखाद्या प्रथिनाच्या कुलपात बसणारी किल्ली. मग ती किल्ली उजेडाने सरळ-वाकडी होणारी का करू नये? न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बर्नार्ड अर्लँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८-६९ सालीच अझो रेणू वापरून विकरांचे काम प्रकाशाने कमी-जास्त करून दाखवले होते. नेदरलँड्समधील बेन फेरिंगा यांनी हा धागा पुढे नेला. शेतकरी कुटुंबातल्या दहा भावंडांपैकी एक असलेल्या या शास्त्रज्ञाला रेणूंच्या यंत्रांबद्दल २०१६ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. २०१३ साली त्यांच्या गटाने एका प्रतिजैविकाला अझोबेंझीन जोडले. हे औषध अंधारात फारसे काम करीत नाही. उजेड दाखवला की वाकते आणि जंतूंना मारते. काही तासांनी आपोआप सरळ होऊन पुन्हा थंड पडते.

याचा लाभ काय? आपण घेतलेल्या प्रतिजैविकाचा काही भाग शरीराबाहेर गटारात, नदीत जातो. तेथले जंतू त्याला सरावतात, आणि मग तेच औषध रुग्णाला लागू पडेनासे होते. बाहेर पडेपर्यंत औषध स्वतःच निष्प्रभ होणार असेल तर हा धोका घटेल. ज्यांच्या दृष्टिपटलातील प्रकाश टिपणाऱ्या पेशी मेल्या आहेत, त्यांच्या उरलेल्या पेशींना अशा रेणूंनी प्रकाश जाणवून देता येईल का, याच्याही माणसांवरील पहिल्या चाचण्या अलीकडे ऑस्ट्रेलियात झाल्या आहेत. पण अझो रेणूंची ही औषधे आज दुकानात मिळत नाहीत. कुणी विकू लागला तर फसू नका. अडचणी पुष्कळ आहेत. त्यांतली एक तुम्ही आज रात्रीच पाहू शकता. अंधारात विजेरी पेटवून तिच्यावर तळहात ठेवा. बोटांमधून फक्त तांबडा उजेड बाहेर येईल. निळा आणि अतिनील प्रकाश आत खोलवर जातच नाही. म्हणून तांबड्या प्रकाशाने वळणारे रेणू घडवण्याची रसायनज्ञांची खटपट चालू आहे. हे काम संपलेले नाही. समोर बसलेल्या मुलामुलींपैकी कुणाची तरी ते वाट पाहत आहे.

आता पालकांशी चार व्यवहाराच्या गोष्टी. निळा दिवा बाळाला भाजत नाही आणि तो अतिनील दिवाही नव्हे. डोळे झाकतात ते प्रखर उजेडापासून जपण्यासाठी. दिव्याखाली असताना आईचे दूध थांबवायचे नसते, उलट वरचेवर पाजायचे असते, कारण कावीळ बाहेर पडण्याला त्याने मदत होते. सिस्टर वॉर्ड यांनी ऊन वापरले हे खरे, पण खिडकीतले ऊन म्हणजे उपचार नव्हे. उन्हात निळा भाग किती मिळाला हे मोजता येत नाही, बाळ तापते किंवा गारठते, आणि उन्हातले अतिनील किरण कोवळी कातडी भाजतात. कावीळ पहिल्या २४ तासांतच दिसली, तळहात-तळपायांपर्यंत पोचली, बाळ सुस्त पडले किंवा दूध ओढेनासे झाले, तर घरच्या उपायांत एक तासही घालवू नका. समारंभाची तारीख पुढे ढकलता येते. बाळाचे कान पुन्हा आणता येत नाहीत.

आमच्या घरी शेवटी काय झाले? निकाल माझ्या विद्वत्तेने लागला नाही. अम्मीने लावला. माझ्याकडून उत्तर मिळाले नाही तेव्हा ती पाळीवरच्या परिचारिकेकडे गेली आणि तिला विचारले, "दिवा काढला तर काय होईल?" परिचारिकेने शांतपणे सांगितले. अम्मी परत आली आणि म्हणाली, "पाहुण्यांना कळवा. बाळ येईल तेव्हा अकीका." बाळ दोन दिवस दिव्याखाली राहिले. आज ते शाळेत जाते आणि मामूचे सगळे ऐकते, निदान कानांनी तरी.

विद्यार्थी मित्रांनो, या साऱ्या कथेत तीन माणसे लक्षात ठेवा. कातडीवरचा पिवळा त्रिकोण पाहणारी परिचारिका, चिमूटभर स्फटिक फेकून न देणारा पेडरसन, आणि 'कसं ते सांग' असे विचारणारी, चौथी शिकलेली एक आजी. पहिल्या दोघांची नावे पुस्तकांत आहेत. तिसरीसारख्या बायका आपल्या प्रत्येक घरात आहेत. मुलगी असा प्रश्न विचारील तेव्हा, पालकहो, तिला गप्प करू नका. उत्तर येत नसेल तर 'येत नाही, शोधू' म्हणा. मला ते म्हणायला जरा उशीर झाला. तुम्हाला होऊ नये.